द्राक्षं पडून राहतात, मग ब्रँडी का काढत नाहीत?

फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाचा भाव कोसळला किंवा काढणीच्या तोंडावर अवकाळी पावसाने मणी तडकले, की नाशिक-सांगलीकडून बातम्या येऊ लागतात. मग चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत कुणीतरी एक सल्ला देतंच: एवढा माल मातीमोल करण्यापेक्षा त्याची ब्रँडी काढा की! सल्ला वरवर बिनचूक वाटतो. ब्रँडी द्राक्षाचीच होते, द्राक्षं आपल्याकडे भरपूर आहेत, आणि भारतात ब्रँडी पिणारेही थोडेथोडके नाहीत. दक्षिणेकडच्या राज्यांत तर तिचा खप प्रचंड आहे.

तरीही तसं होत नाही. त्याचं खापर सरकार किंवा कारखानदारांवर फोडण्याआधी ब्रँडी मुळात होते कशी हे बघायला हवं. त्यासाठी फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळचा, शारांत नदीच्या खोऱ्यातला कोन्याक हा भाग सोयीचा. तिथल्या ब्रँडीचं नावही कोन्याकच. द्राक्षाची जात कोणती, भट्टी कसली, पिंप कशाचं, किती वर्षं, हे सगळं तिथे कायद्याने बांधलेलं आहे, त्यामुळे प्रत्येक पायरी स्वच्छ दिसते.

आधी वाइन, आणि तीही बेचव

द्राक्षाच्या रसात साखर असते. यीस्ट नावाची सूक्ष्म बुरशी ती साखर खाते आणि तिचं अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायू करते. याला आंबवणं म्हणायचं. आंबलेला रस म्हणजे वाइन. इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना माहीत असते.

माहीत नसतं ते हे, की ब्रँडीसाठीची वाइन पिण्यासाठी केलेलीच नसते. कोन्याकमधल्या जवळजवळ सगळ्या मळ्यांत ‘युनी ब्लांक’ नावाचं पांढरं द्राक्ष आहे. ते उशिरा पिकतं, आंबट असतं, त्यात साखर बेताची असते. त्याची वाइन 9-10 टक्के अल्कोहोलची, पातळ आणि तोंड वेडंवाकडं करायला लावणारी. जेवणाबरोबर ती कुणी आवडीने घेणार नाही.

आणि हेच तिचे गुण ठरतात. वाइन टिकावी म्हणून एरवी तिच्यात सल्फर डायऑक्साइड घालतात. पण अशी वाइन तापवली तर गंधकाचा वास थेट ब्रँडीत उतरतो, म्हणून इथे तो घालायचाच नाही. मग भट्टीवर जाईपर्यंत वाइन सांभाळायची कशी? तिच्या आंबटपणानेच. दुसरा गुण कमी अल्कोहोलचा. वाइन जितकी हलकी, तितकी एक लिटर ब्रँडी काढायला ती जास्त लागते, आणि तितकाच द्राक्षाचा जास्त सुगंध त्या एका लिटरात गोळा होतो. गोड द्राक्षाची चांगली ब्रँडी होईल हा अंदाज म्हणूनच फसवा आहे.

युनी ब्लांक तिथला मूळचा राजा नव्हे, हे जाता जाता सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काही दशकांत फिलॉक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीने शारांतचे मळे उद्ध्वस्त केले. 1887 साली पिएर व्हियाला हा फ्रेंच शास्त्रज्ञ उपाय शोधायला अमेरिकेत गेला. टेक्सासमधल्या टी. व्ही. मन्सन यांच्या मदतीने त्याला चुनखडीच्या जमिनीत तग धरणारी जंगली वेलींची खुंटं मिळाली. त्यांवर कलमं करून मळे पुन्हा उभे राहिले, आणि त्या नव्या लागवडीत युनी ब्लांकने जुन्या जातींना मागे टाकलं. आपल्याकडचे द्राक्षबागायतदार ‘डॉगरिज’ खुंटावर कलम करतात. तोही अमेरिकी वेलच.

वाफ धरून ठेवायची

आता मुख्य क्रिया, ऊर्ध्वपातन. नाव जड आहे, काम सोपं. बासुंदी करताना दूध आटवतो तेव्हा वाफ उडून जाऊ देतो आणि कढईत उरतं ते ठेवतो. इथे बरोबर उलट: उडालेली वाफ पकडायची, गार करून तिचा पुन्हा द्रव करायचा, आणि भांड्यात उरलेलं टाकून द्यायचं. अल्कोहोल 78 अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, पाणी 100 अंशांना. त्यामुळे वाइन तापवली की वाफेत अल्कोहोलचं प्रमाण वाइनपेक्षा कितीतरी जास्त असतं.

कोन्याकमध्ये ही क्रिया दोनदा करतात, तांब्याच्या हंड्यात आणि थेट जाळावर. वर कांद्याच्या आकाराचं टोपण, त्यातून हंसाच्या मानेसारखी वाकलेली नळी, आणि पुढे थंड पाण्याच्या टाकीत बुडालेलं वेटोळं. पहिल्या फेरीत साधारण 28 ते 32 टक्के अल्कोहोलचा गढूळसर द्रव मिळतो. तोच पुन्हा हंड्यात घालून दुसऱ्या फेरीत सुमारे 70 टक्क्यांचा स्वच्छ, पाण्यासारखा बिनरंगी द्रव काढतात. नऊ लिटर वाइन घालावी तेव्हा त्यातला जेमतेम एक लिटर हाती लागतो.

गोव्यात किंवा दोडामार्गाकडे काजूची भट्टी पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. बोंडूचा आंबवलेला रस एकदा उतरवला की उर्राक, तो पुन्हा उतरवला की फेणी. फळ निराळं, पद्धत तीच.

तांबं शोभेसाठी नसतं. आंबवताना गंधकाची काही दुर्गंधी संयुगं तयार होतात. ती तांब्याशी संयोग पावून तिथेच अडकतात. स्टीलच्या हंड्यात ती थेट पुढे जातात.

‘पहिल्या धारेची’ इथे चालत नाही

आपल्याकडे पहिल्या धारेची म्हटलं की ऐकणाऱ्याचे डोळे चमकतात. कोन्याकचा भट्टीवाला मात्र दुसऱ्या फेरीतली पहिली धार बाजूला काढतो. ती सगळ्यात कडक असते हे खरं, पण तिच्यात नाकात जाणारी, नेलपॉलिश रिमूव्हरची आठवण करून देणारी संयुगं दाटलेली असतात. शेवटची धार पाणचट आणि उग्र वासाची, म्हणून तीही वेगळी. ठेवायचा तो मधला भाग. बाजूला काढलेलं बरंचसं पुढच्या घाण्यात पुन्हा मिसळतात.

मधला भाग कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे अल्कोहोल मोजणाऱ्या यंत्रापेक्षा भट्टीवाल्याचं नाक जास्त सांगतं. दुसरी फेरी जवळपास अर्धा दिवस चालते, त्यामुळे हंगामात भट्टीशेजारीच झोपण्याची रीत होती. हा हंगाम 31 मार्चला संपलाच पाहिजे असा नियम आहे. ऊन वाढलं की बिनसंरक्षित वाइन बिघडते, हे त्यामागचं साधं कारण.

विषबाधेचं काय, हा प्रश्न इथे येतोच. 2015 साली मुंबईत मालवणी इथे विषारी दारूने शंभरहून अधिक माणसं दगावली. तो बळी मिथेनॉल या विषारी अल्कोहोलचा. मिथेनॉल फळ आंबवतानाही थोडं तयार होतं, मुख्यतः सालीतल्या पेक्टिनपासून. पांढऱ्या द्राक्षाचा रस लगेच पिळून सालीपासून वेगळा करतात, त्यामुळे त्यात ते नगण्य असतं. युरोपात त्याची कमाल मर्यादाही कायद्याने ठरलेली आहे. आपल्याकडच्या दारूकांडांतलं मिथेनॉल फळातून येत नाही, ते कारखान्यांसाठी बनलेलं रसायन असतं आणि स्वस्तात मिळतं म्हणून कुणीतरी ते दारूत ओततं. ‘पहिली धार टाकली की मिथेनॉल गेलं’ हा समजही खोटा आहे. ते संपूर्ण धारेत पसरलेलं असतं. आणि घरी भट्टी लावण्याचा विचार असेल, तर महाराष्ट्रात परवान्याशिवाय तो गुन्हा आहे.

रंग आणि चव लाकडाची

भट्टीतून उतरलेली ताजी ब्रँडी बिनरंगी आणि जाळणारी असते. तिचा सोनेरी-तपकिरी रंग आणि व्हॅनिला, सुकामेवा, मसाल्यांची छटा येते ओकच्या पिंपातून. कोन्याकसाठी लिमुझँ आणि त्राँसे या फ्रेंच जंगलांचं लाकूड नावाजलेलं आहे. पिंप करताना आतून जाळावर शेकतात. अल्कोहोल त्या लाकडातून रंग आणि टॅनिन ओढतं. पिंपाच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा आत येते आणि कडकपणा हळूहळू मावळतो. नव्या पिंपात थोडे महिने, मग जुन्या पिंपात, अशी बदली करतात, नाहीतर ब्रँडीला नुसतं लाकूडच लागेल. शेवटी थोडं थोडं शुद्ध पाणी घालून ती 40 टक्क्यांवर आणतात. रंग एकसारखा दिसावा म्हणून किंचित कॅरमल घालायलाही परवानगी आहे. तेव्हा रंग गडद म्हणजे ब्रँडी जुनी, असं धरून चालू नका.

छिद्रांतून हवा आत येते तशी वाफ बाहेरही जाते. कोन्याकमध्ये दरवर्षी साधारण 2 टक्के माल असा उडतो. फ्रेंच लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. तो वाटा खाऊन तिथल्या कोठारांच्या भिंती आणि कौलं काळी पडतात, कारण अल्कोहोलच्या वाफेवर पोसणारी एक काळी बुरशी त्यांवर वाढते. अबकारी अधिकाऱ्यांना लपवलेलं कोठार शोधायला तिचा उपयोग व्हायचा असं सांगतात.

वय मोजायचं ते पिंपातलं. किमान दोन वर्षं झाली तर बाटलीवर व्हीएस, चार झाली तर व्हीएसओपी, आणि 2018 पासून दहा झाली तरच एक्सओ. वेगवेगळ्या वयाचा माल मिसळलेला असेल तर त्यातल्या सगळ्यात तरुण मालाचं वय धरतात. काचेच्या बाटलीत गेल्यावर मुरणं थांबतं. कपाटात वीस वर्षं ठेवलेली बाटली वीस वर्षांनी मोठी झालेली नसते. आणि ही वयाची व्याख्या कोन्याकची आहे. इथल्या बाटलीवर तीच इंग्रजी अक्षरं दिसली तरी ती वर्षं तिच्या आत आहेत असं त्यावरून सिद्ध होत नाही.

एका बाटलीला किती द्राक्षं लागतात?

आता हिशेब. भारतात ब्रँडी बहुतेक 42.8 टक्के अल्कोहोलची विकली जाते. 750 मिलिलिटरच्या बाटलीत म्हणजे सुमारे 320 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. 10 टक्क्यांच्या वाइनमधून ते काढायला तूट धरून साडेतीन लिटर वाइन लागेल. किलोभर द्राक्षातून 700 मिलिलिटरच्या आसपास वाइन येते. म्हणजे एका बाटलीमागे पाच किलो द्राक्षं, मुरताना उडणारा भाग सोडून.

तेवढंच अल्कोहोल मळीपासून काढलं तर? निघेल तेवढी साखर काढून घेतल्यावर साखर कारखान्यात उरणाऱ्या टनभर मळीतून साधारण सव्वादोनशे लिटर अल्कोहोल मिळतं. एका बाटलीला दीड किलोसुद्धा मळी लागत नाही. आणि मळी हा साखरेचा उरलासुरला भाग. द्राक्षासारखी छाटणी, फवारणी आणि मजुरी तिच्या वाट्याला कधी आलेली नसते.

भारतातल्या ब्रँडीचं सगळं अर्थशास्त्र या फरकात आहे. मळीचं अल्कोहोल उंच मनोऱ्यात इतकं शुद्ध करतात, 96 टक्क्यांपर्यंत, की त्याला कसलाच वास-चव उरत नाही. त्यात द्राक्षाचं थोडं खरं अल्कोहोल, रंग आणि स्वाद मिसळला की स्वस्त ब्रँडी तयार. हे चोरून होत नाही. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या नियमांत ‘ब्लेंडेड’ किंवा ‘इंडियन’ ब्रँडीचा वेगळा वर्ग आहे, आणि तीत द्राक्षाची शुद्ध ब्रँडी किमान 2 टक्के असली तरी पुरतं. असा माल युरोपात ‘ब्रँडी’ या नावाने विकता येणार नाही; तिथे ब्रँडीचं अल्कोहोल वाइनमधूनच यावं लागतं.

नगर जिल्ह्यात श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरचा इतिहास इथे बोलका आहे. 1933 साली तिथे साखर कारखाना म्हणून सुरुवात झाली. आज तीच कंपनी ‘मॅन्शन हाउस’ या दक्षिणेत जोरात खपणाऱ्या ब्रँडीसाठी ओळखली जाते. महाराष्ट्रात ब्रँडीचा धंदा वाढला तो उसाच्या पट्ट्यात, याचं नवल वाटायला नको.

द्राक्षाची ब्रँडी हवीच असेल तर बाटलीवरचा बारीक मजकूर वाचा. ‘ग्रेप ब्रँडी’ असं स्पष्ट लिहिलंय का, की ‘ब्लेंडेड’? घटकांत ‘न्यूट्रल स्पिरिट’, म्हणजे वास-चव काढून टाकलेलं अल्कोहोल, आहे का? समोरच्या बाजूला द्राक्षाच्या घोसाचं चित्र आहे म्हणून काही ठरत नाही.

मग वाया जाणारी द्राक्षं तरी घ्या!

हा सगळ्यात रास्त आक्षेप. द्राक्षं पडून असतील तर त्यांची किंमत शून्यच, मग हिशेब का मांडायचा?

पहिली अडचण मालाची. नाशिकचा शेतकरी थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश पिकवतो ते खाण्यासाठी. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मण्यांची विरळणी, आकारासाठी जिबरेलिक ॲसिडच्या बुडवण्या, निर्यातीच्या घडांना कागद. खर्चाचा मोठा हिस्सा मणी लांबट, टपोरा आणि डागविरहित दिसावा यावर जातो. भट्टीला या रूपाची दमडीची किंमत नाही. तिला आंबटपणा हवा, आणि खायचं द्राक्ष तर आंबटपणा उतरून गोडी भरेपर्यंत वेलीवर ठेवलेलं असतं.

दुसरी अडचण, पावसाने तडकलेला माल. तडकलेल्या मण्यात एक-दोन दिवसांत बुरशी शिरते, व्हिनेगरचे जिवाणू शिरतात. भट्टीत सगळं शुद्ध होऊन निघतं असा आपला समज असतो, पण ऊर्ध्वपातन जसा सुगंध दाट करतं तसा दुर्गंधही. नऊ लिटर नासक्या वाइनमधली खोड एका लिटरात येऊन बसते.

यातून मार्ग नाहीच असं मात्र नाही. कॅलिफोर्नियात थॉमसन सीडलेसचीच ब्रँडी वर्षानुवर्षं झाली आहे. 1938 साली तिथे द्राक्षांचा महापूर आला तेव्हा प्रत्येक बागायतदाराला पिकाचा 45 टक्के भाग ब्रँडीसाठी वळवणं सक्तीचं केलं होतं. शेतकऱ्यांनी बोटं मोडली. पुढे महायुद्धात व्हिस्कीच्या भट्ट्या युद्धासाठी अल्कोहोल काढू लागल्या, बाजारात मद्याची टंचाई झाली आणि साठवलेली ब्रँडी खपली. युद्ध आलं नसतं तर त्या पिंपांचं काय झालं असतं, कोण जाणे.

उलट उदाहरण अलीकडचं आहे. 2023 मध्ये फ्रान्सने नको झालेली वाइन संपवायला 20 कोटी युरो मंजूर केले. वाइन भट्टीवर गेली, पण तिची ब्रँडी झाली नाही. ते अल्कोहोल सॅनिटायझर, अत्तरं आणि सफाईच्या द्रावणांसाठी दिलं गेलं. भट्ट्या, पिंपं, कारागीर आणि तीनेकशे वर्षांचं नाव हाताशी असलेला देशसुद्धा उरलेल्या मालातून ब्रँडी काढायला गेला नाही. खुद्द कोन्याकवालेही सध्या सुखात नाहीत. जुलै 2025 मध्ये चीनने युरोपच्या ब्रँडीवर 34.9 टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं, आणि किमान भाव मान्य करणाऱ्या कंपन्याच त्यातून सुटल्या.

करांचा पेच आपल्याकडेही आहे. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणाने राज्यात वाइनला सवलती मिळाल्या, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क आले. पण वाइन भट्टीवर चढली की ती ‘भारतीय बनावटीचं विदेशी मद्य’ होते, आणि त्या गटावरचं उत्पादन शुल्क जून 2025 मध्ये राज्याने आणखी वाढवलं.

आपल्याकडे ऊन आहे, लवकर मुरेल की

अर्धं खरं. उष्ण हवेत अल्कोहोल लाकडातून रंग आणि चव भराभर ओढतं. पण देवदूतांची भूकही इथे मोठी आहे. बंगळूरमध्ये व्हिस्की मुरवणाऱ्यांचा अनुभव वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त माल उडण्याचा आहे. त्या हिशेबाने पिंप भरून ठेवलं तर चार वर्षांत तिसऱ्या हिश्श्याहून अधिक रिकामं. नाशिक जिल्ह्याचा उन्हाळा बंगळूरहून कडक. गार कोठार बांधलं तर विजेचं बिल आलं. वय वाढवण्यापेक्षा दोन-तीन वर्षांत थांबणं इथे शहाणपणाचं ठरेल, असं माझं मत.

आणि ती सर्दीसाठीची चमचाभर?

ब्रँडी औषधी असते ही समजूत आपल्या घरांत घट्ट बसली आहे. तान्ह्या बाळाच्या छातीला चोळणारे आणि बाळंतिणीला पाजणारेही असतात. अल्कोहोलने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब आल्यासारखं वाटतं; प्रत्यक्षात शरीराची उष्णता त्वचेवाटे बाहेर जाते. सर्दीच्या विषाणूला तिचं काही वाटत नाही. द्राक्षाची असो वा मळीची, आतलं अल्कोहोल एकच आहे, आणि कितीही कमी घेतलं तरी ते निर्धोक नाही असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं आहे. बाळांच्या बाबतीत तर वादच नको.

कुणाला करायचीच असेल तर

खाण्याच्या द्राक्षाचा उरलेला माल हा कच्चा माल समजण्याऐवजी ब्रँडीसाठी वेगळी बाग धरावी लागेल. युनी ब्लांक, किंवा नाशिकमध्ये वाइनसाठी रुळलेलं शेनँ ब्लांक. तेही पूर्ण गोडी भरण्याआधी, आंबट असतानाच तोडलेलं. विरळणी नको, बुडवण्या नकोत, त्यामुळे एकरी खर्च कमी. भाव किलोच्या रूपावर न ठरता टनावर, करारानेच ठरलेला. लागवडीनंतर पीक धरायला दोन-तीन वर्षं, पिंपात किमान दोन वर्षं. पहिली बाटली विकायला पाच वर्षं लागतील, आणि तोवर पिंपांत अडकलेल्या पैशांचं व्याज कुणीतरी भरायचं आहे. ते द्राक्षबागायतदाराच्या माथी मारून चालणार नाही. त्याच्या डोक्यावर आधीच सोसायटीचं पीककर्ज असतं.